चुकीचा धनी

मशीन माझा अंगठा घेत नव्हतं. पालघरला कचेरीच्या रस्त्यावर एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथेच पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले करून मिळतात. दर नोव्हेंबरात मी बोईसरहून जातो, लाल उजेडाच्या त्या काचेवर अंगठा ठेवतो आणि जिवंत असल्याचा कागद घेऊन सरावलीला, बोईसरला लागूनच्या आमच्या घरी, परत येतो. या वेळी चारदा ठेवला, चारही वेळा मशीनने नकार दिला. "आजोबा, घासून गेलाय तुमचा," दुकानवाला रामू म्हणाला. मी म्हणालो, एकतीस वर्षं कंपनीत गेली. "मग कंपनीतच राहिला असंल. जा, घेऊन या," तो म्हणाला आणि रांगेतले लोक हसले. हसणाऱ्यांत मीही होतो; लोक माझ्यावर हसले की मी त्यांना सामील होतो, ही सवय जुनी आहे. मला बाजूला उभं केलं गेलं. बाजूला म्हणजे झेरॉक्सच्या मशीनला चिकटून, जिथे कागद गरम गरम बाहेर येऊन पडतात. कुणा मुलीच्या नोट्स निघत होत्या. छापील अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय मला राहवत नाही, शेंगदाण्याच्या पुडीवरचंसुद्धा. पहिला कागद पडला, दुसरा पडला, आणि तिसऱ्यावर माझं वाक्य होतं.

'माध्यम म्हणजे ज्याची आबाळ झाल्याशिवाय काहीच पोचत नाही ते.' शेवटच्या 'ते'वरून ओळखलं. ते 'ते' ठेवावं की काढावं यात माझा एक अख्खा रविवार गेला होता. वाक्याखाली नाव होतं डॉ. इंद्रजीत बोधे, पुस्तकाचं नाव 'आबाळ', पान अकरा. माझे कान तापले. मी त्या मुलीला विचारलं, हे कुणाचं गं? "बोधे सरांचं, आजोबा. एम.ए.ला लावलंय. तुमी वाचलंय?" मी हो म्हणालो. 'लिहिलंय' हा शब्द ओठांपर्यंत आला होता, पण आयुष्यभर माझे सगळे शब्द तिथपर्यंतच आले आहेत. "कठीण हाय ना? आमचे सर म्हणतात, मराठीत असा विचार कोणी केलाच नव्हता. शनिवारी येणारेत बोधे सर कॉलेजला, चार वाजता. या ना तुमीपण." तिचं नाव मेघाली. पानं पालथी घालून ती इतक्या जपून पिशवीत ठेवत होती की मला तिचा राग येईना. रामूने हाक मारली, मी अंगठा पुन्हा ठेवला आणि पाचव्या वेळी मशीनने तो घेतला. "झालात जिवंत," तो म्हणाला.

बोईसरला येणाऱ्या रिक्षात माझ्या शेजारी दोन कामगार हिंदीत कुठल्याशा ठेकेदाराला शिव्या देत होते आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. मला शिव्या येत नाहीत. मी मनात इंद्रजीत बोधेला एक शिवी देऊन पाहिली, ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटली. मग नेहमीची शंका आली: कशावरून हा विचार त्यालाही सुचला नसेल? पुण्यामुंबईकडचे विद्वान, आठ-दहा भाषांतली पुस्तकं त्यांच्या घरात. मी मारुती वाघमोडे, माळशिरस तालुक्यातून पोटासाठी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आलेला, रंगाच्या कारखान्यात पॅनेलसमोर बसलेला माणूस. तासातासाला काटे बघायचे आणि वहीत आकडा लिहायचा. आत वाफ कशी आहे हे मी एकतीस वर्षांत कधी पाहिलं नाही, काटा पाहिला. खरं तर काटाही पाहिला नाही. काटा नीट चालतो तोवर आपल्याला वाफच दिसते. काटा अडकला की मग त्याच्यावरची काच दिसते, काचेवरची धूळ दिसते, काटा कुणीतरी कधीतरी स्क्रूने बसवलेला आहे हे दिसतं. रद्दीतून आणलेल्या इंग्रजी पुस्तकांत मी माध्यमांबद्दल वाचायचो, तेव्हा ते मला फार अवघड वाटायचं नाही. माझ्या पॅनेलबद्दलच कुणीतरी लांबून लिहितंय असं वाटायचं. हे कुणालाही सुचू शकतं. पण 'आबाळ' हा शब्द कुणालाही सुचू शकत नाही, कारण तो मलाही सुचला नव्हता. तो मला शिरगावला एका बाईने दिला होता.

तीस वर्षं झाली त्याला. माझ्याच पाळीत कृष्णकांत होता, शिरगावला त्यांची चिकूची वाडी. एका रविवारी जेवायला नेलं. ओटीवर टीव्ही होता, मॅच चालू होती आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. कृष्णकांत अँटेना फिरवायला कौलांवर चढला, खाली आम्ही "आलं, आलं, गेलं" ओरडत होतो. त्याची आई बायडी सुपात काहीतरी निवडत होती. तिने पडद्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "आबाळ आलंय ना. मंग कसा दिसंल?" बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. मी मात्र जेवलो कसा मला आठवत नाही. आपल्या आणि त्या मॅचच्या मध्ये जे काही आहे, ती तार, तो दांडा, ती हवा, त्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याची आबाळ होते. आणि ती आबाळ अशी भरून आली की मग दिसायचं थांबतं. केवढी गोष्ट त्या बाईने सूप न थांबवता सांगितली, असं मला वाटलं. 'आबाळ आलंय' हे मला व्याकरणात खटकलंही. आबाळ स्त्रीलिंगी, ती होते. येते हेही ऐकलं नव्हतं, आणि 'आलं' तर नाहीच. पण मी तळटीप लिहिली: शिरगावच्या बोलीत हा शब्द नपुंसकलिंगी आहे. तेवढ्यावर थांबलो नाही. ज्या हेळसांडीला कर्ता नाही तिला लिंग कुठून असणार, असा एक परिच्छेदच लिहिला. लेखाच्या दुसऱ्या भागात रूपकाचा विचार होता. प्रतीकात वस्तू आणि अर्थ एकजीव असतात म्हणतात. रूपकात अर्थ भाडेकरूसारखा राहतो, उद्या दुसरा कुणी येईल हे त्यालाही माहीत असतं आणि घरालाही. आजकालच्या तत्त्वज्ञांना रूपक पुन्हा जवळचं वाटतं ते त्यामुळेच, ते निदान खोटं बोलत नाही, मधली फट झाकत नाही. असं सगळं. लेख पुण्याच्या एका अनियतकालिकात छापून आला. त्याच्या दोनशे प्रती निघाल्या असतील, आणि तो त्यांचा शेवटचा अंक ठरला. संपादक एक पंचविशीतला मुलगा होता. त्याने पोस्टकार्ड पाठवलं: 'वाघमोडे, तुमचा लेख हातात घेतला आणि सकाळ कुठे गेली कळलं नाही.' खाली सही, इंद्रजीत.

त्या शब्दाने मला एवढं का धरलं, हे मात्र मी लेखात लिहिलं नव्हतं. माझी आई, सोजराबाई, मी कंपनीत लागलो तेव्हा गावी एकटी होती. तिला लिहिता येत नव्हतं. शाळेतले एक गुरुजी तिची पत्रं लिहायचे, सुंदर तिरप्या अक्षरात. प्रत्येक पत्रात एक वाक्य असायचं: 'माझी येथे कोणतीही आबाळ होत नाही, काळजी नसावी.' मी काळजी करत नव्हतो. तिला पुरल्यावर शेजारीण म्हणाली, पाऊस सुरू झाल्यापासून एका वेळचंच करत होती. गुरुजींना विचारलं, तुम्ही असं का लिहिलंत? ते म्हणाले, मी कुठे लिहिलं, ती सांगायची, मी उतरवून घ्यायचो. मध्ये बसलेल्या माणसाचं हे उत्तर मी कितीतरी वर्षं चघळत होतो. तेव्हा शिरगावच्या ओटीवर तो शब्द माझ्या कानावर पडला नाही, तो आत येऊन बसला.

घरी ट्रंक उपसून अंक काढला. पोस्टकार्ड त्यातच होतं. मुलाला, भाग्येशला, दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, तीस वर्षांपूर्वीचं आहे. कोण बघणार? सोडून द्या." सून अपेक्षा जरा वेगळी आहे. ती म्हणाली, "सोडून काय द्या? फेसबुकवर टाकते मी फोटो." भाग्येश म्हणाला, "टाक. तीन लाइक येतील, तुझा, माझा आणि तुझ्या आईचा." तरी त्याने मोबाईलवरून पुस्तक मागवलं. गुरुवारी ते आलं, जाडजूड, पुरस्काराची सोनेरी चकती चिकटवलेलं. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि जे माझं त्याच्याखाली रेघ ओढत गेलो. काही पानांवर रेघ ओढायला जागा उरली नाही. माझं नाव कुठेच नव्हतं, ते मी गृहीतच धरलं होतं. पण तळटीपही होती, नपुंसकलिंगी, जशीच्या तशी. आणि प्रस्तावनेत असं होतं: 'शिरगावच्या एका वाडीत, मी ओटीवर बसलो असता, एक वृद्धा मला म्हणाली.' मी. त्या 'मी'वर पेन्सिलचं टोक मोडलं. लेख घेतला ते एक वेळ समजू शकतो, विचार हा हाताळायलाच असतो. पण तो रविवार, कृष्णकांत कौलांवर चढलेला, ते सूप, तेही त्याने उचललं होतं. आणि ज्या कानाने मी ते ऐकलं त्या कानामागे उभी असलेली माझी आई, तिलाही तो नकळत घेऊन गेला होता. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की सूड ही भावना नसते, ते काम असतं. त्याने माणसाला भूक लागते. मी दोनदा जेवलो.

साक्षीदार हवी होती. बायडी जिवंत आहे हे मला ठाऊक होतं. कृष्णकांत वारला तेव्हा मी भेटायला गेलो होतो, ती भिंतीला टेकून बसली होती. शुक्रवारी सकाळी शिरगावला गेलो. भाग्येशचा जुना मोबाईल बरोबर घेतला, त्यात आवाज कसा भरायचा ते अपेक्षाने शिकवलं होतं. कृष्णकांतची बायको विजया अंगणात चिकू पसरत होती. "मारुतीभाऊ! आज कसा काय रस्ता चुकलात?" म्हणाली आणि आत ओरडली, "आई, कंपनीवाले भाऊ आलेत." बायडी ओटीवर होती, नव्वदीच्या आसपासची, कान अजून तिखट. मी मोबाईल तिच्यासमोर ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली: मॅच, मुंग्या, अँटेना. तिला आठवत होतं. "किस्नाकांत कवलं फोडून ठेवायचा टीवीसाठी. तुमी निस्ते वराडत व्हतात. जेवलात नाय दड." मी विचारलं, "तेव्हा तुम्ही एक वाक्य म्हणालात. आबाळ आलंय, मग कसं दिसेल. आठवतं? ते जरा परत म्हणा, माझ्यासाठी." तिने मान बाहेर काढली, पागोळीपलीकडे वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला. मग माझ्याकडे असं बघितलं की याला उन्हाने काही झालं की काय. "आता कुटं आबाळ हाय?" ती म्हणाली. "चांगला ऊन पडलाय की. काळं आबाळ आलं मंजे पाऊस येल, आता नाय यायचा."

विजया हसायला लागली. "आई आभाळ म्हणते, भाऊ. आमी असंच बोलतो ना, आबाळ. तुमाला काय वाटलं?" मोबाईलवरचे आकडे पुढे सरकत होते. ते कसं बंद करायचं हे मी विसरलो. ढग. ती ढगांबद्दल बोलत होती. ढग आले की त्या काळी चित्र खराब यायचं, एवढंच. तीस वर्षं मी एका बाईला तत्त्वज्ञ करून बसलो होतो आणि ती मला हवामान सांगत होती. एका 'भ'चा 'ब' झाला आणि त्या फटीतून मी आत ओतलं होतं ते सगळं माझंच होतं, माझी वाफ, माझा काटा, माझी आई. बोलीला लिंग नव्हतं असं नाही. आभाळ नपुंसकलिंगीच असतं, पहिलीतल्या पोरालाही ते माहीत असतं. मला इतकी लाज वाटली की मी चहा घेतला तो उभ्यानेच. "बसा की," विजया म्हणत राहिली. बायडीने विचारलं, "मंग त्या टीवीचा काय झाला?" मी म्हणालो, काही नाही, आता नीट दिसतं.

पण परतीच्या रिक्षात, इकडच्या माहीम गावाच्या रस्त्याला लागल्यावर, लाजेच्या खालून काहीतरी वर यायला लागलं आणि पालघर येईतो मला कळलं की तो आनंद आहे. मी असा दुष्ट आनंद कधी अनुभवला नव्हता. चोराने घेतलेली अंगठी पितळेची होती! पुण्यात, नागपुरात, दिल्लीतसुद्धा त्याने ती मिरवली, कुणी ओळखली नाही, कारण तिथे कुणी आबाळ म्हणत नाही. उद्या तो पालघरला येतोय. सभागृहात निम्मी माणसं अशी असतील ज्यांच्या घरात रोज आबाळ येतं आणि जातं. एक प्रश्न पुरे होता. मग माझी नेहमीची शंका डोकावली, पण या वेळी ती कामाची होती: पितळ उघडं पडलं तर ते कुणाचं ठरेल? लेख माझा आहे म्हणालो तर चूक माझी. गप्प राहिलो तर तो हास्यास्पद होईल आणि मी कोणीच नसेन. मी हिशोब नव्हे, मांडणी केली. हॉल हसला की त्याला एकच वाट उरेल: ही चूक माझी नाही, दुसऱ्या कुणाची आहे, असं म्हणायची. म्हणजे माझं नाव घ्यायची. चोरीचा माल इतका लाजिरवाणा करायचा की चोराने तो स्वतः होऊन धन्याच्या दारात आणून टाकावा. परत मिळेल ती फक्त लाज, हे मला दिसत होतं. मला ती हवी होती.

शनिवारी साडेतीनलाच जाऊन पाचव्या रांगेत बसलो. अंक आणि पोस्टकार्ड पिशवीत. मेघालीने ओळखलं, पाणी आणून दिलं. इंद्रजीत आता केस पांढरे झालेला, देखणा माणूस होता. बोलला उत्तम; माझी वाक्यं माझ्यापेक्षा चांगली म्हणाला, हे मला मान्य करावं लागेल. जिथे मी स्वल्पविराम दिला होता तिथे तो पाण्याचा घोट घ्यायचा. नंतर कॉलेजचे प्रताप सर म्हणाले, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत. ही पद्धत माझ्यासारख्यांसाठीच काढलेली असावी. माझी चिठ्ठी घरूनच तयार होती, नाव न घातलेली. ती हातोहात पुढे गेली. प्रताप सरांनी वाचली आणि वाचता वाचताच ते हसू दाबायला लागले: "आमच्या शिरगावकडे आबाळ म्हणजे आभाळ. त्या आजी ढगांबद्दल बोलत होत्या. मग आपल्या पुस्तकाचं काय करायचं?"

मागून कुणीतरी "अरे हां!" म्हणालं आणि हॉलमध्ये हसू फुटलं. एक बाई पदर तोंडाला लावून शेजारणीला म्हणाली, "खरंच की गं, आमची सासू रोज म्हणते." मी इंद्रजीतकडे बघत होतो. त्याचा चेहरा रिकामा झाला होता. आता घे, मी मनात म्हणत होतो. घे माझं नाव. त्याने ग्लास उचलला, ठेवला, आणि हसला. "वा!" तो म्हणाला. "या प्रश्नाची मी तीन वर्षं वाट बघत होतो. आभाळ, आबाळ. मध्ये काय गळलं? महाप्राण! एक श्वास गळतो आणि आकाशाची हेळसांड होते. माध्यमाची याहून सुंदर व्याख्या कुठली? आणि रूपक म्हणजे तरी काय, जाणूनबुजून चुकीचं ऐकणं. त्या ओटीवर मला तेव्हाच कळलं होतं की त्या ढगांबद्दल बोलतायत. मी ठरवून आबाळ ऐकलं." आधी दोनचार, मग सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मेघाली वहीत भराभर लिहीत होती. माझे हातही टाळ्यांसाठी वर आलेले मला दिसले.

महाप्राण. मला तीस वर्षांत ते सुचलं नसतं. पहिल्यांदा हे वाटलं, आणि ते खरं आहे. दुसऱ्यांदा जे वाटलं त्याने माझे गुडघे सरळ झाले: याने चूकही घेतली. विचार घेतला, रविवार घेतला, आणि आता जी चूक फक्त मीच करू शकत होतो, जी करायला सोजराबाईचा मुलगा असावं लागतं, तीसुद्धा याने ठरवून केली होती म्हणे. मी उभा राहिलो होतो. इतक्या माणसांत मी कधी उभा राहिलो नव्हतो. टाळ्या विरत गेल्या. "ती चूक माझी आहे," मी म्हणालो.

"असू द्या काका," प्रताप सर मायेने म्हणाले. त्यांना वाटलं, चिठ्ठी मी लिहिली आणि आता मी क्षमा मागतोय. "छान प्रश्न होता. चूक कसली त्यात? बसा तुम्ही." आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघून प्रेमाने हसली. कुणीतरी माझा शर्ट हलकेच खाली ओढला. या वेळी मी त्यांच्या हसण्यात सामील झालो नाही. सगळ्या हॉलला एक ऐकू गेलं होतं आणि एका माणसाला दुसरं, आणि तो एक माणूस माइकसमोर थिजून उभा होता. मी पुन्हा म्हणालो, सावकाश, तळटीप वाचावी तसं, "ती चूक माझी आहे, सर. ठरवून केलेली नाही."

त्याने माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. आम्ही एकमेकांना कधीच पाहिलं नव्हतं. त्याला माझं अक्षर तेवढं माहीत होतं. चिठ्ठी प्रताप सरांच्या हातात होती. त्याने ती घेतली, एकदा बघितली, आणि त्याचे ओठ हलले. तो स्वतःशीच बोलला असावा. पण माइक चालू होता.

"वाघमोडे," सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून आवाज आला.

प्रताप सरांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "ओळखता का सर, यांना?"

त्याने चिठ्ठीची घडी घातली. मी पिशवीतून अंक काढून हातात धरला, पण उघडला नाही. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण तिथली माणसंही आता उठून बघत होती.

"सांगा ना, सर," मी म्हणालो. "कसे ओळखता, ते सांगा."